व्यायामशाळेतली गादी आणि सरांची शिट्टी

मित्रांनो, गाद्यांच्या नशिबी माणसांची झोप असते. माझ्या नशिबी कोलांटउड्या आल्या आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. मी शाळेच्या व्यायामशाळेतली म्हातारी गादी.

एका गादीवाल्याने जाड कॅनव्हासची खोळ शिवून तिच्यात काथ्या ठासून भरला आणि दाभणाने तोंड शिवून टाकले. उचलायला चार कोपऱ्यांना कातडी मुठी लावल्या. मी शाळेत आले तेव्हा खेळाचे सर नवीनच नोकरीला लागले होते. त्यांनी मला पसरले, आजूबाजूला कुणी नाही असे पाहिले आणि स्वतःच एक कोलांटउडी मारली. त्या क्षणापासून आमची गट्टी जमली.

सरांची पद्धत ठरलेली होती. मुले रांगेत उभी राहायची. शिट्टी वाजली की पहिल्याने जायचे, पुन्हा वाजली की दुसऱ्याने. चाळीस मुले, चाळीस शिट्ट्या, आणि तास संपायच्या आत सगळी उलटी होऊन सुलटी! दर शनिवारी शिपाईमामा मला उन्हात टाकून काठीने झोडपायचे. पाहुणे आले की मुख्याध्यापिका त्यांना मुद्दाम व्यायामशाळेत आणायच्या, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

मग भिंगरीचा तो दिवस आला. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तेव्हा ती तिसरीत होती. तिची पाळी आली तेव्हा ती घसरलेला मोजा वर ओढत होती. तेवढ्यात शिट्टी वाजली. पोर आज्ञाधारक, मोजा सोडून तशीच झेपावली. एक हात माझ्यावर नीट पडलाच नाही आणि मनगट मोडले. सरांनी तिला उचलून धावतच दवाखान्यात नेले. मनगट सहा आठवड्यांत बरे झाले, पण सरांनी कानाला खडा लावला.

“मामा, ही गादी आत टाका. पुन्हा काढायची नाही,” ते म्हणाले.

तीन वर्षे मी सामानाच्या खोलीत धूळ खात पडले. माझ्यावर तुटक्या रिंगा आल्या, हवा गेलेले चेंडू आले. एका कोपऱ्यातला काथ्या उंदरांनी पळवला. मैदानावर मुले विचारायची, “सर, कोलांटउडी कधी?” सर म्हणायचे, “पुढच्या वर्षी.” मला त्यांचा राग यायचा आणि, खोटे का बोलू, त्यांची आठवणही यायची.

यंदा वरून पत्र आले. खेळाच्या सर्व शिक्षकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण, तेही आमच्याच शाळेत.

“पंचवीस वर्षं शिकवतोय मी. आता मला काय शिकवणार ही मंडळी?” सर कुरकुरले. शिपाईमामांना मात्र प्रशिक्षणासाठी एक गादी कमी पडत होती आणि त्यांचा डोळा माझ्यावर होता.

असा मला पुन्हा उजेड दिसला. मित्रांनो, खेळाचे तीस शिक्षक एकत्र आले की काय होते, ते मी पाहिले आहे! कुणी न सांगता सगळे उंचीप्रमाणे उभे राहिले आणि रांग सरळ करायला तीसही जणांनी एकदमच शिट्ट्या फुंकल्या. प्रशिक्षण देणाऱ्या ताई वयाने सगळ्यांहून लहान. त्या हसून म्हणाल्या, “आधी शिट्ट्या या टोपलीत टाका बरं. जाताना परत मिळतील.” शिट्टी काढून दिल्यावर सरांचा चेहरा पुढचे दात काढलेल्या माणसासारखा झाला.

“आज तुम्ही मुलं,” ताई म्हणाल्या. “जोड्या करा. एकानं कोलांटउडी मारायची, दुसऱ्यानं शिकवायची.”

सर नेमके माझ्यासमोर आले आणि मला पाहून थबकले. मग कसेबसे गुडघे वाकवून खाली बसले. त्यांचे जोडीदार दुसऱ्या शाळेतले, मोठ्या आवाजाचे. शिट्टी नाही म्हणून ते टाळ्याच वाजवू लागले.

“चला सर! एक, दोन, तीन! मारा! अहो, मारा की!”

“अहो, थांबा ना!” सर ओरडले. “हात तरी नीट ठेवू द्या मला!”

आणि उडी सोडून ते तिथेच माझ्यावर मांडी घालून बसले.

“काय झालं सर? लागलं का?” ताईंनी जवळ येऊन विचारले.

“तीन वर्षांपूर्वी एका मुलीचं मनगट मोडलं. मी गादीला दोष दिला, मनातून तिच्या वेंधळेपणालाही दिला. तीही हेच म्हणाली असती हो, थांबा म्हणून. पण माझ्या शिट्टीपुढे ती काय बोलणार?”

ताईंनी उपदेश केला नाही. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि सरांच्या मानेमागे हात धरून म्हणाल्या, “घाई नाही. तुम्ही ‘मी तयार’ म्हणाल, तेव्हाच.”

बऱ्याच वेळाने सर म्हणाले, “मी तयार.” ती कोलांटउडी इतकी वाकडी झाली की ते माझ्यावरून थेट जमिनीवर गेले. मला ती फार आवडली.

पुढच्या सोमवारी सरांनी शिट्टी खिशात ठेवली आणि सहावीच्या तासाला मला पसरले. भिंगरी रांगेत अगदी शेवटी उभी होती, एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरून.

“सर, मी नको. मला नाही जमत. मी वेंधळी आहे.”

सर तिच्यासमोर खाली बसले. “वेंधळी तू नव्हतीस, बाळा. शिट्टी मी चुकीच्या वेळी वाजवली. तुला हे सांगायला मला तीन वर्षं लागली.”

भिंगरीने धरलेले मनगट सोडले. मग म्हणाली, “आणि आता शिट्टी कधी वाजणार?”

“वाजणारच नाही. तू सांगायचं.”

तिने डावा मोजा ओढला, उजवा ओढला. रिबीन सोडून पुन्हा बांधायला घेतली. तास संपल्याची घंटा झाली, पण कुणी हलले नाही. तिची रिबीन बांधून होईपर्यंत, मित्रांनो, तुमच्याकडे एवढेच मागते. मला आठवड्यातून एकदा ऊन दाखवा, उसवले तर वेळेवर टाके घाला. आणि तुमच्या सरांनाही अधूनमधून शिकायला जाऊ द्या, त्यांच्यावरही धूळ बसते.

भिंगरीने दोन्ही तळहात माझ्यावर ठेवले, उचलले आणि पुन्हा नीट ठेवले. सरांचा हात तिच्या मानेमागे होता.

“मी तयार,” ती म्हणाली.