भूमिदेवासमोरच्या दोन बरण्या

खो शेटने माझा उजवा हात देवळाच्या दारात धरला आणि दार लावून घेतलं. दोन बोटं मोडली. आवाज सुपारी फोडल्यासारखा आला, आणि शेटच्या तोंडातही तेव्हा सुपारीच होती.

"ओरडू नका, आ-ग्योक ताई," तो म्हणाला. "सगळा गाव जेवायला बसलाय. घास अडकेल कुणाचा तरी."

या माणसाचा नळ-तोट्यांना चकाकी देण्याचा कारखाना आहे आणि त्याचं सांडपाणी आमच्या भाताच्या पाटात येतं. गेल्या वर्षी मी ते पाणी परदेशी पाणपिसवांवर, म्हणजे पाण्यात विष असलं की आधी मरणाऱ्या इवल्या जिवांवर, तपासलं. त्या मेल्या. शेटचा वकील हसून म्हणाला, बाई, तुमच्या नाजूक पाहुण्या आमच्या उकाड्यानेच मरतात. मेल्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून यंदा मी आ-थू काकांच्या खाचरातल्या पाणपिसवा वाढवल्या. मोहरीहून बारीक, पण याच चिखलातल्या, याच उन्हात जगणाऱ्या. भूमिदेवासमोर दोन बरण्या मांडल्या. एकीत खाचराचं पाणी, दुसरीत शेटच्या नाल्याचं. देवापुढच्या वस्तूला आमच्या चांगह्वा जिल्ह्यात कोणी हात लावत नाही, अशी माझी समजूत. दुपारी पिसवा सोडायच्या, सकाळी गावासमोर बघायचं. नाल्याच्या बरणीतल्या जगल्या, तर पाटाचं दार उघडून ते पाणी लावणीला घ्यायचं, मेल्या तर दार बंद करायचं, असं ठरलं होतं.

शेटने आधी देवाला उदबत्ती लावली. मग नाल्याची बरणी मोरीत रिकामी केली आणि देवळाच्या नळाखाली धरून काठोकाठ भरली. नळही त्यानेच देणगी दिलेला.

"सोड आता तुझी पिल्लं. आणि कुणाजवळ बोललीस, तर दुसरा हात."

मी डाव्या हाताने दोन्ही बरण्यांत पिसवा सोडल्या. भीतीने सोडल्या, आणि चिडूनही. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं आणि ते पिसवांनाही सोडत नाही, हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं.

सकाळी गाव जमला. हाताचं फडकं बघून काकांनी विचारलं, तेव्हा मी दारात सापडला म्हणाले. काकांनी नाल्याची बरणी उचलून उजेडात धरली. तळाशी पांढुरका गाळ बसला होता. शेजारच्या बरणीत मात्र सगळ्या टुणटुण उड्या मारत होत्या.

"मेल्या सगळ्या," काका म्हणाले.

शेट पुढे घुसला. "मरतील कशा? नळाचं पाणी आहे ते! मी स्वतः भरलंय."

काकांनी पुन्हा माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्यांच्या कुदळीचा दांडा शेटच्या तोंडावर बसला. दात पडले. तो खाली कोसळला, तशा आजूबाजूच्या बायकाही चपला काढून पुढे सरसावल्या. कोणीतरी त्याच्या पोटात लाथा घातल्या. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"ताई, सांगा यांना," तो रक्त थुंकत म्हणाला. "माझ्या पाण्याने नाही मेल्या."

"खरंय त्याचं," मी म्हणाले. सगळे थांबले. "नळाच्या पाण्यानेच मेल्या. ही बरणी बाद. नाल्याचं पाणी तपासायचं राहूनच गेलंय."

या वाक्याचं काय होणार, ते मला ठाऊक होतं.

त्याला केसांना धरून नाल्यापर्यंत ओढत नेला. पाणी हिरवट पिवळं होतं.

"पी," काका म्हणाले. "वर्षभर सांगतोयस ना, काही होत नाही म्हणून? मग पी."

तोंड पाण्यात दाबलं, बाहेर काढलं, पुन्हा दाबलं. शेटने फुटलेले ओठ गच्च आवळले होते. चेहरा काळानिळा पडला, डोळे बाहेर आले. काकांनी त्याचं नाक चिमटीत धरलं, तरी त्या पाण्यासमोर तो तोंड उघडेना.

"सोडा त्याला, काका," मी म्हणाले. "तपासणी झाली."

काकांनी त्याला काठावर टाकला आणि ते पाटाच्या दाराला साखळी घालायला गेले.