गीझर कंपनीची तीन तोंडं

"बोटं मागं घे अण्णा, पातं पडतंय."

हा मी ऐकलेला पहिला आवाज. राजाजीनगरातल्या छापखान्यात कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, आणि लगेच पातं माझ्या कडांवरून खाली उतरलं. मग पाठीत भोकं पाडली, त्यांतून तार ओवली. मित्रांनो, मी एक जुनी लेखनपुस्तिका आहे. माझा जन्मच कापाकापीत झाला.

गीझर बनवणाऱ्या एका कंपनीनं मला छापून घेतलं होतं. तिथून जाणारं प्रत्येक पत्र, प्रत्येक निरोप एकाच तऱ्हेनं लिहिला जावा, गिऱ्हाइकाला वाटावं की आपल्याशी एकच माणूस बोलतोय, एवढंच माझं काम. कुणाला काय म्हणून संबोधायचं, तक्रारीला उत्तर कुणी द्यायचं, आधी काय सांगायचं नि मागाहून काय, ते सारं माझ्या पोटात.

मला लिहिणारे आप्पाजी फार तापट. वाकडं पत्र दिसलं की मला उचलून टेबलावर हाणायचे, चहाचे पेले उडायचे. "या घराला तोंड एकच," ते गरजायचे, "दुसरं उघडाल तर दात पाडीन." माझे कोपरे त्यातच फुटले. तरी ते दिवस सुखाचे होते. नव्यानं लागलेली श्यामला मला मांडीवर घेऊन वाचायची. जात्यात मूठमूठ दाणे घालावेत तसं पान पान, सावकाश.

आप्पाजी निवृत्त झाले आणि पुण्याहून आलेला तनय त्यांच्या खुर्चीत बसला. "श्यामला, हे फार ओल्ड फॅशन्ड आहे गं. प्रत्येक टीमचा आपला टोन असू दे ना," तो म्हणाला. त्याच्या स्क्रीनखाली ठेवायला मी जाड पडत होते, म्हणून त्यानं माझी मधली, तक्रारींच्या उत्तरांची पानं मुठीनं ओरबाडून काढली. उरलेली मी, पोटात तार रुतलेली, त्या स्क्रीनच्या ओझ्याखाली पडून राहिले. वर तीन टीम तीन तऱ्हांनी लिहीत होत्या. गीझरची झडप खराब असल्याच्या तक्रारी आल्या, त्यांनाही तीन तऱ्हांची उत्तरं गेली.

मग एका सकाळी जयनगरहून गिरीराज आला. हातात लोखंडी पाइप. त्याची बायको चंदना न्हाणीघरात असताना आमचा गीझर फुटला होता. उकळतं पाणी तिच्या पाठीवर आलं, पाठीची सालटी निघाली. त्यानंतर कंपनीची तीन पत्रं घरी पोचली होती.

पहिला घाव काचेच्या दारावर बसला. दुसरा स्क्रीनवर. मी काचांसकट खाली आदळले आणि त्याचा बूट माझ्यावर पडला. तनयनं त्याचा दंड धरला, तर त्यानं असा हिसडा दिला की तनयचं कपाळ कपाटावर फुटलं. रक्त माझ्या पुठ्ठ्यावर ठिबकलं.

"एक पत्र म्हणतं, अभिनंदन, गीझर आवडला का? दुसरं म्हणतं, झाल्या त्रासाचं वाईट वाटतं. तिसरं म्हणतं, वापरणारीचा निष्काळजीपणा." गिरीराजला धाप लागली होती. "यातलं तुमचं तोंड कुठलं, तेवढं सांगा. ते फोडून जातो."

"सर, ते तिसरं, लीगलचं पत्र, तेच फायनल समजा," तनय कपाळावर रुमाल दाबत म्हणाला.

"सरी, ठीक. घरात पण सगळे तेच धरून बसलेत. माझी आई तिला रोज ऐकवते, बटण बंद केलं नसशील. आता चंदनापण तेच म्हणते. पालथी पडून असते. काल पट्टी बदलू देईना. म्हणते, दुखू दे, माझंच चुकलं."

पाइप पुन्हा वर गेला. श्यामला काचा तुडवत मध्ये येऊन उभी राहिली.

"स्वल्प थांब अण्णा. मग मार हवं तर. आधी तिला फोन लाव."

"श्यामला, कंपनीच्या नावानं एक शब्द बोलायचा नाही," तनय म्हणाला. "नोकरी जाईल तुझी."

"कपाळ धुऊन ये जा. आणि ती पानं कुठं टाकलीस तेही आठव."

गिरीराजनं पाइप काखेत धरून फोन लावला. तो वाजतोय तेवढ्यात तुम्हाला सांगते, मित्रांनो. तुमच्या शाळेत, कचेरीत माझी एखादी बहीण टेकू म्हणून दडपली गेली असेल, तर तिला बाहेर काढा, उघडून बघा. एका घराची तीन तोंडं झाली की मार भलत्याच पाठीवर बसतो.

फोन उचलला गेला. "कोण?" आवाज इतका बारीक की खाली पडलेल्या मला जेमतेम ऐकू आला.

श्यामलानं गिरीराजकडे पाहिलं नाही, तनयकडेही नाही.

"चंदना, मी गीझरच्या कंपनीतून श्यामलाअक्का बोलते. तुझं काही चुकलं नाही गं. झडप आमचीच खराब होती. तुझ्या घरी तो गीझर लावायच्या आधीच आम्हाला ते ठाऊक होतं."