प्रस्थानाची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. माझा रंग खाकी होता. आता त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या तंबूंचे कापड विकायला येत असे. त्यातल्याच एका तुकड्यातून अनगोळच्या शामू शिंप्याने मला शिवले. दोन मजबूत बंद, पितळी बक्कल आणि आतल्या अंगाला एक चोरकप्पा. शिवून झाल्यावर शामूने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले आणि म्हणाला, "ही माणसापरास जास्त टिकतीया बघा." ते ऐकून मी फुगून गेले. टिकणे म्हणजे मागे उरणे, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

मला विकत घेतले येळ्ळूरच्या मष्णू अण्णांनी. त्यांच्या घरात तिघेच होते. अण्णा, त्यांची पत्नी मालुबाई आणि अण्णांचा धाकटा भाऊ महादेव. आईवडील लवकर गेले, त्यामुळे महादेवाला लहानाचे मोठे केले ते अण्णांनीच. त्याला पुण्याला कारखान्यातले काम शिकायला जायचे होते, आणि निघायचा दिवस नेमका अमावास्येला आला होता. म्हणून माझी गरज पडली.

याचे कारण सांगते. आमच्याकडे वाईट दिवशी कोणी परगावी निघत नाही. पण परीक्षा, नोकरी आणि दवाखाना पंचांग बघून येत नाहीत. त्यावर जुन्या माणसांनी एक तोड काढली आहे. आदल्या दिवशी, चांगली वेळ बघून, प्रवासाची पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला. माणूस दुसऱ्या दिवशी निघाला तरी चालते. याला म्हणतात प्रस्थान ठेवणे. येळ्ळूरात म्हणतात पस्तान. एकदा बाहेर पडलेली पिशवी प्रवास पुरा होईपर्यंत घरात आणायची नाही. आणि तिच्यात एखादी चिंधी कोंबून देवाला फसवायचे नाही. अण्णा बजावून सांगत, "ज्याच्याबिगर पाय उचलायचा न्हाय, ते पस्तानात घालायचं."

अण्णा मला खांद्याला लावून शेजारच्या रवळूच्या घरी नेत. रवळूची बायको मला हळदकुंकू लावी. रात्रभर मी तिथल्या पाटावर बसून राही. इतर पिशव्यांना कोणी पाट देत नाही, हे मी मुद्दाम सांगते. महादेव पुण्याला गेला तो माझ्यासंगे. मालुबाईंचे ऑपरेशन मिरजेला झाले, तेव्हाही मीच पुढे निघाले होते. पुढे महादेवाला बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, लग्न झाले, आरोही नावाची मुलगी झाली. तिची आई फार जगली नाही. आरोहीला मालुबाईंनी वाढवले आणि तिच्या प्रत्येक परीक्षेला प्रस्थान ठेवले. ती महादेवाला आप्पा आणि अण्णांना मोठे आप्पा म्हणे. पिशवी पायगुणाची आहे, असे घरात सगळे म्हणत आणि मला ते खरे वाटे.

एक गोष्ट मात्र मला खटकत असे. सगळ्यांची प्रस्थाने अण्णांनी ठेवली, पण स्वतःचे धोतर त्यांनी माझ्यात कधी भरले नाही. कोणी चला म्हटले की ते म्हणत, "म्हशीला कोन बघनार रं?" म्हशी बदलत गेल्या, उत्तर बदलले नाही.

मग चाकांच्या बॅगा आल्या. फरशीवर त्या ऐटीत घरंगळतात. चिखलात मात्र त्यांना उचलूनच न्यावे लागते. पण लोकांना त्या आवडल्या. मला माळ्यावर टाकले आणि माझ्यात कांद्याचे बी भरून ठेवले. उंदरांनी माझी चव घेऊन पाहिली. तंबूचे कापड त्यांना पचले नाही. कैक वर्षे मी तिथे अंधारात पडून होते. घरात गाडी आली, प्रस्थाने ठेवणे बंद झाले. मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही.

आरोही शिकून लंडनला नोकरीला गेली. महादेव निवृत्त झाल्यावर तिने त्याला दोन-तीन महिने राहायला बोलावले. त्या वेळी मालुबाईंनी मला माळ्यावरून खाली काढले, धुतले, उन्हात वाळवले. येळ्ळूरच्या बासमतीची पुडी माझ्यात घातली आणि म्हणाल्या, "एवढ्या लांब जायाचं आनि पस्तान न्हाय म्हंजे काय?" अशी मी पुन्हा रवळूच्या पाटावर बसले आणि तिथून थेट विमानात.

लंडनला आरोही एका जुन्या इमारतीत राहत होती. समोरच्या दारात नागेंद्र नावाचा धारवाडचा माणूस राही. तो एका हॉटेलात स्वयंपाकी होता. महादेव येळ्ळूरचा, तरुणपणी सीमाभागाच्या प्रत्येक मोर्चात पुढे असलेला. नागेंद्र कानडी आहे हे कळल्यावर त्याने पहिला आठवडा नुसती मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात नागेंद्रने भाकरी आणून दिली. तिसऱ्या आठवड्यात दोघे जिन्यात उभे राहून पावसावर बोलू लागले, तेही अर्धे मराठीत आणि अर्धे कानडीत.

मग एके दिवशी येळ्ळूरहून फोन आला. अण्णांना बेळगावच्या दवाखान्यात ठेवले होते. डॉक्टरांनी, बोलवायचे त्यांना बोलवून घ्या, म्हणून सांगितले होते. मालुबाई रडत नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "म्हादू आला काय, एवढंच इचारालेत."

आरोहीने महादेवासाठी दुसऱ्या दिवशीचे विमान मिळवले. तो दिवस अमावास्येचा निघाला. महादेव ते बोलला नसता, पण मालुबाईंनी फोनवरच सांगितले, "आजच पस्तान ठेवा. या खेपेला इषाची परीक्षा नको." घराबाहेर पिशवी ठेवण्याजोगे घर तिथे एकच होते. महादेव मला घेऊन नागेंद्रच्या दारात उभा राहिला आणि उद्या अमावास्या आहे, एवढेच म्हणाला. नागेंद्रने माझ्याकडे पाहिले, महादेवाच्या तोंडाकडे पाहिले आणि हात पुढे केले.

"कोडी सर, इकडं द्या. आमची अज्जीबी ठेवत होती की."

त्याने मला खुर्चीवर ठेवले, वर स्वच्छ टॉवेल घातला. पाट त्याच्याकडे नव्हता. मी राग मानला नाही.

आता घडले ते असे. अण्णांचा नियम महादेवाच्या हाडात भिनलेला. ज्याच्याबिगर पाय उचलायचा नाही, ते प्रस्थानात घालायचे. त्याने माझ्या चोरकप्प्यात आपला पासपोर्ट घातला होता. सकाळी ते निघाले, तर नागेंद्रच्या दाराला कुलूप. हॉटेलातून त्याला पहाटेच बोलावणे आले होते आणि हे दोघे निघेपर्यंत आपण परत येऊ असे त्याला वाटले होते. मी आतून सगळे ऐकत होते. आरोही फोनवर फोन लावत होती. महादेव जिन्याच्या पायरीवर बसला होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मीच घातला. माझ्या हातानं घातला."

नागेंद्र आला तो धावतच, कमरेला स्वयंपाकाचे फडके तसेच. त्याने मला बाहेर काढले, आरोहीच्या दारात नेले नाही, थेट रस्त्यावर आणून महादेवाच्या खांद्याला लावले. "आत न्यायची नसते," तो म्हणाला. पण तेवढ्यात हाताशी असलेला सगळा जादा वेळ निघून गेला होता.

मोठ्या स्टेशनात पोचल्यावर दोन वाटा होत्या. एक साधी गाडी. तीही विमानतळाला जाते, पण ठेसने घेत घेत. दुसरी खास विमानतळाची जलद गाडी. मधे कुठेही न थांबता पाव तासात नेते. तिचे भाडे साधीच्या दुपटीहून जास्त. महादेवाने आकडा पाहिला आणि तो मागे सरला. मित्रांनो, त्याला चिक्कू म्हणू नका. तो काय हिशेब करत होता ते मला ठाऊक होते.

"येवढ्यात अण्णाची दोन दिवसांची औषधं येतील गं," तो म्हणाला. "साधीनं बी पोचू की."

"पोचू कदाचित," आरोही म्हणाली. "काउंटर बंद झालं तर पुढचं विमान उद्या. मोठ्या आप्पांना कदाचितवर ठेवायचं काय, आप्पा?"

महादेवाने तो आकडा पुन्हा वाचला. तो म्हणाला, "मग विमानतळावर मी एकटा जातो. तू कशाला? तुझं तिकीट तरी वाचंल."

"तिथं किती दारं आहेत ते बघितलंय तुम्ही. चुकलात तर या तिकिटाचाही उपयोग न्हाय."

तो फलाटाकडे बघत राहिला. जलद गाडी उभी होती, तिची दारे उघडी होती. महादेवाने आयुष्यात कधी निमआराम गाडीलाही हात केला नव्हता. साधी लाल गाडी येईपर्यंत तो पारावर बसून राही. त्याने माझा बंद घट्ट धरला.  मग तो म्हणाला, "काढ. दोन काढ."

गाडी सुटली तशी बाहेर उजेडात आली. घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, कुठे एखादे झाड. डबा इतका शांत होता की महादेव खोकताना तोंडावर हात धरत होता. तेवढ्यात आरोहीचा फोन वाजला. महादेवाच्या फोनला तिथे नेट नव्हते. ती सोबत नसती तर हा फोन आलाच नसता. पलीकडे मालुबाई होत्या. त्यांनी फोन अण्णांच्या तोंडासमोर धरला.

अण्णा फार वाळले होते. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले.

"कुठं हाईस रं?"

"गाडीत हाय अण्णा. विमानाला चाललोय. उद्या पोचतोय तुझ्याकडं."

"लई पळालीया व्हय गाडी?"

"लई."

"दाव की."

महादेवाने फोन खिडकीकडे फिरवला. आरोहीने त्याच्या हाताला खालून आधार दिला. येळ्ळूरच्या बाहेर फारसा न पडलेला माणूस दवाखान्याच्या खाटेवरून लंडनची घरे बघत होता. तो मधूनच विचारत होता, ते काय, हे काय, इथे भात पिकतो काय, म्हशी दिसत नाहीत त्या कुठे बांधतात. महादेव जमेल तसे सांगत होता. एवढा वेळ त्या दोघा भावांना नुसते बोलत बसलेले मी कधी पाहिले नव्हते. घरी नेहमी हातात काम असे. शेवटी अण्णांचा आवाज अगदी बारीक झाला.

"म्हादू, माझं बी तिकीट काढलंयस न्हवं?"

महादेवाने फोन पुन्हा आपल्याकडे वळवला. मग तो म्हणाला, "काढलंय अण्णा."

त्याच क्षणी गाडी विमानतळाच्या बोगद्यात शिरली. अण्णांचा चेहरा पडद्यावर थिजला आणि गेला. महादेवाने पुन्हा तेच म्हटले, काळ्या काचेकडे बघून. आरोही रडत होती. मी त्याच्या मांडीवर होते आणि माझ्या कापडावर दोन थेंब पडले.

काउंटर उघडे होते. पण तिथे गेल्यावर कळले की विमानच फार उशिरा सुटणार आहे. साध्या गाडीने आले असते तरी आरामात मिळाले असते. आरोही तोंड पाडून म्हणाली, "आप्पा, उगीच घातले पैसे."  तिच्या डोक्यावर हात ठेवून महादेव मला घेऊन आत गेला.

आम्ही येळ्ळूरला पोचलो तेव्हा अण्णा दारात होते. धाकट्या भावासाठी लोकांनी तिरडी थांबवून ठेवली होती. महादेवाने मला खांद्यावरून उतरवले नाही, तसाच त्यांच्या पायावर पडला.

रक्षाविसर्जन करून आल्यावर माणसे अंगणात बसली. माणसे अशा वेळी काहीबाही विचारतात. गप्प बसवत नाही म्हणून. रवळू आता म्हातारा झाला होता. त्याने लंडनचे विचारता विचारता ती जलद गाडी आणि तिचे भाडे काढले. ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"आनि इमान उशिरा सुटलं म्हंतोस. मग साध्या गाडीनं गेलतास तरी गावलं असतं की. दोन तिकिटं फुकट गेली म्हनायची."

उंबऱ्यात बसलेल्या मालुबाईंनी मान वर केली. त्या दिवसापासून त्या फार बोलल्या नव्हत्या.

"भाऊजी, तुमी काढलंय म्हनलासा ते तेनी ऐकलं. मला म्हनाले, म्हादूनं माझं बी तिकीट काढलंय बघ. मग निवांत निजले. परत काय जागे झाले न्हाईत."

महादेव त्यांच्याकडे बघत राहिला. आपले शेवटचे उत्तर पोचले की नाही, हे त्याला तोपर्यंत ठाऊक नव्हते. "ऐकलं व्हय, वैनी?" त्याने विचारले.

"ऐकलं."

मग तो रवळूकडे वळला. त्याचा आवाज शांत होता.

"फुकट न्हाय गेली, रवळूदा. दोन तिकिटांत तिघं गेलतो आमी."

मित्रांनो, आता मी पुन्हा माळ्यावर जाईन. मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी पुष्कळ फिरले. पण तुमच्याही घरात एक माणूस असेल. तो सगळ्यांच्या पिशव्या भरून देतो, दारापर्यंत येतो आणि स्वतः कुठेच जात नाही. त्याची पिशवी एकदा तुम्ही भरा, आणि निघायचा दिवस त्यालाच ठरवू द्या. भाडे किती पडते ते गाडीत बसल्यावर विचारा.