एकोणिसावी जोडी

"मामा, ही एकोणिसावी चुकलीय," जीवशास्त्राच्या बाई चष्मा कपाळावर चढवत म्हणाल्या.

मामा म्हणजे माझे बाबा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काचनळ्या धुतल्या, आज निवृत्ती. भेट म्हणून स्वतः केलेलं डीएनएचं मॉडेल आणलं होतं. प्लायवूडच्या चाळीस चकत्या सळईत ओवून वरून नटाने आवळलेल्या. एक चकती म्हणजे एक जोडी. लालसोबत हिरवा, निळ्यासोबत पिवळा. टॅक्सीत मॉडेलला पट्टा बांधला होता, बाबांना नाही.

एकोणिसावीवर लालसोबत पिवळा होता.

"रंग आईने दिलेत," मी म्हणालो. "ही शेवटची. दवाखान्यात, औषधाच्या गुंगीत." आई त्यानंतर चार दिवस होती. त्यातले दोन रंग वाळण्यात गेले.

"आणि शेवटची मध्ये लपवलीत होय, मामा?"

"टोकाला ठेवली तर लगेच दिसते."

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "पण पोरं परीक्षेत हेच लिहून येतील हो."

"काढतो," बाबा म्हणाले. त्यांनी नट सोडला, वरच्या चकत्या उतरवल्या, ती एक खिशात घातली, बाकीच्या परत ओवल्या. नट आवळायला गेले तर सळईचे आटे संपलेले. एकोणचाळीस चकत्या गरागरा फिरायला लागल्या. सगळा पीळ गेला. डीएनए कपडे वाळत घालायच्या दांडीसारखं दिसायला लागलं.

बाबा दोन्ही हातांनी ते धरून उभे राहिले. सोडावं कसं, हे त्यांना कळेना.

बाई हळूच म्हणाल्या, "जोडीतली दोघं एकमेकांना धरतात, पण ती पकड तशी कच्ची. खरा जोर थप्पीचा, मामा. पेशीतल्या पाण्यापासून अंग चोरून वरची जोडी खालचीला बिलगते. मध्ये एखादी चुकलेली असली, तरी शेजारणी सांभाळून घेतात पुष्कळदा."

"मग?"

"मग काय! घाला परत."

चकती खिशातून निघायला वेळ लागला. नट मात्र एका दमात बसला.

ॲसिडच्या बाटल्यांवर लिहायचे त्याच अक्षरात बाबांनी चिठ्ठी लिहून खाली चिकटवली: 'एकोणिसावी जोडी चुकीची आहे. काढू नये.'

घरी आल्यावर त्यांच्या पिशवीतून हिरव्या रंगाची नवी डबी निघाली. झाकण न उघडलेलं. सोबत आईचा ब्रश होता, पिवळा, वाळून कडक झालेला.