राजनचं इंजिन

शुभदाताई रेग्यांना पहिल्या खेपेला ‘हो’ म्हणता यायचं नाही. हवं असलं तरी आधी ‘छे छे, कशाला’ म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, मग ‘बरं, एवढं म्हणताय तर’ म्हणत घ्यायचं. जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये अर्धं आयुष्य गेलं तरी ही खोड गेली नव्हती. म्हणून गॅरेजवाल्या हेर लुट्झचा, म्हणजे लुट्झसाहेबांचा, फोन आला तेव्हा त्यांनी चांगलाच घोळ घातला.

लुट्झ म्हणाला, “फ्राऊ रेगे, अग्निशमन दलाच्या एका जुन्या गाडीचं इंजिन आलंय माझ्याकडे. तुमच्या ट्रकला बसेल असं, आणि चालू. दोन-तीन आठवड्यांत बसवून देतो. तुमच्यासाठी ठेवू का?”

“नको हो, कशाला तुम्हाला त्रास,” शुभदाताई म्हणाल्या.

“ठीक आहे,” म्हणून लुट्झने फोन ठेवला. शुभदाताई फोनकडे बघतच राहिल्या. मेल्याने पुन्हा विचारलंसुद्धा नाही! पण त्याचं तरी काय चुकलं? या देशात नाही म्हणजे नाही.

ट्रक बंद पडून वर्ष होत आलं होतं. इंजिनाचं हेड तडकलं होतं, पिस्टन चिकटले होते. मूळचं इंजिन नव्याने बांधायचं तर कितीतरी भाग मुद्दाम करवून घ्यावे लागणार. म्हणजे दीड-दोन वर्षं कुठे गेली नाहीत. आणि शुभदाताईंकडे तेवढी वर्षं नव्हती. तब्येत ठणठणीत होती, पण डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं: यंदा दिवसाउजेडी गाडी चालवा, पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही. हे त्यांनी मुलाला कळू दिलं नव्हतं. सांगितलं की तो काळजी करणार, आणि काळजी करायला लागला की आधी किल्ल्या काढून घेणार.

हाच ट्रक घेऊन त्या वर्षानुवर्षं आसपासच्या गावांच्या आठवडी बाजारांत गेल्या होत्या. समोसे, लोणची, मसाले. हिवाळ्यात पहाटे काच खरवडायची आणि निघायचं. आता विकायचं काही नव्हतं. फक्त एक उन्हाळा तो ट्रक घेऊन द्राक्षमळ्यांमधल्या त्या रस्त्यांवरून हिंडायचं होतं, दिसतंय तोवर. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांना अगदी स्वतःसाठी हवी होती, आणि ती मागायला जीभ रेटत नव्हती.

कारण ट्रकमधलं जुनं इंजिन राजनचं होतं. राजन त्यांचा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेला. केमिकल कंपनीत शिफ्ट करून आला की बॉनेटमध्ये डोकं घालायचा. इथे रविवारी आवाज करायची बंदी, तर इंजिन चालू न करता नुसतं पुसत बसायचा. दसऱ्याचा हार आधी इंजिनाला, मग देवांना. शुभदाताईंना त्या इंजिनाचा हेवा वाटायचा, हे त्यांनी राजनला तोंडावर सांगितलंही होतं.

शनिवारी मुलगा समर म्युनिकहून आला तो थेट गॅरेजमध्येच, इंजिन बांधायचं काम पक्कं करायला.

“आल्झो, तर मग,” लुट्झ हात पुसत म्हणाला, “जुनंच बांधायचं ना?”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” समर म्हणाला. “ओरिजिनलच. बाबांचं आहे ते. हो ना गं, आई?”

‘माझं काय, तुम्ही ठरवा,’ हे शुभदाताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मला ते दुसरं हवंय.”

लुट्झ गोंधळला. “पण तुम्हीच नको म्हणालात! ते मी हेर ब्राउनना देऊन टाकलं. आज दुपारी न्यायला येतायत.”

“मग लावा त्यांना फोन.”

ब्राउन म्हणजे जुने ट्रक जमवणारा माणूस. फोन लागल्यावर तो सरळ ‘नाही’ म्हणाला. शुभदाताईंनी पुन्हा विचारलं, आणि का विचारतेय तेही सांगितलं. डोळ्यांचं, डॉक्टरीणबाईंचं, उन्हाळ्याचं, सगळं. परक्या माणसाला, अनोळखी आवाजाला. समर शेजारी उभा राहून ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

मग ब्राउन म्हणाला, त्याची गाडी नुसती मांडून ठेवायची आहे, घाई काहीच नाही. फ्राऊ रेग्यांचं जुनं इंजिन सगळ्या भागांसकट असेल तर तो ते नेईल, सावकाश बांधील. चालू इंजिन त्यांनी ठेवावं.

शुभदाताईंनी फोनवर हात ठेवून समरला हे सांगितलं.

“बाबांचं इंजिन परक्याला द्यायचं?” समरचा आवाज चढला. “आणि डोळ्यांचं मला सांगितलं का नाहीस?”

“तू किल्ल्या काढून घेतल्या असत्यास.”

समर जुन्या इंजिनाकडे वळून म्हणाला, “त्यांनी आयुष्य घातलं गं त्यात.”

“घातलं. कशासाठी, ते ठाऊक आहे तुला? मी बर्फात, अंधारात कुठे रस्त्यात अडकून पडू नये म्हणून. स्वतः एक दिवस चालवला नाही त्यांनी हा ट्रक. आता ते इंजिन सांभाळायचं म्हणून मला घरी बसवलंस, तर त्यांना आवडेल का रे?”

ब्राउन फोनवर थांबलेलाच होता. शुभदाताईंनी त्याला होकार दिला, आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना. लुट्झ खुर्ची आणायला आत गेला.

समरने जॅकेट काढलं, बाह्या वर सारल्या आणि बाबांच्या इंजिनाचे बोल्ट सोडवायला पाना शोधू लागला.