ताज्या बर्फाची फळी

वाईच्या स्टँडवरून यासीनभाईच्या लाकूडकामाच्या कारखान्यापर्यंत पोचायला जोतीरामला एरवी दहा मिनिटं पुरत. त्या दिवशी अर्धा तास लागला. डाव्या गुडघ्याला पट्टा होता आणि थोडं चाललं की थांबावं लागत होतं. त्यात जे सांगायला निघाला होता ते आठवलं की पाय आणखीच जड व्हायचा.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून तो दर हिवाळ्यात साताऱ्याजवळच्या कोरेगावाहून गुलमर्गला जायचा आणि पर्यटकांना बर्फावर घसरायला शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी एक मोडका स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावर उभं राहून घसरायची फळी, त्यानं गंमत म्हणून यासीनला आणून दाखवला. यासीननं जन्मभर पलंग आणि कपाटं केलेली. त्यानं बोर्ड उभा चिरला, आत एकमेकींना चिकटवलेल्या लाकडाच्या पट्ट्या बघितल्या आणि म्हणाला, "आरं, हे तर आपलंच काम हाय!"

मग वर्षभर खपून त्यानं शिवणीच्या हलक्या लाकडाचा एक बोर्ड केला. कडेची पोलादी पत्ती आणि तळाचं प्लास्टिक तेवढं बाहेरून मागवलं. जोतीरामनं सांगितल्याप्रमाणे पुढचं नाक रुंद आणि वर उचललेलं ठेवलं, शेपूट निमुळतं. भुसभुशीत बर्फात नाक तरंगावं आणि शेपूट खाली बसावं, एवढ्यासाठी. यंदा जोतीराम तीच फळी गुलमर्गला घेऊन गेला होता.

जोतीरामला लंगडत येताना बघून यासीननं रंधा खाली ठेवला.

"हे काय झालं रं?"

"पडलो."

यासीनच्या बायकोनं, सुरय्याभाभींनी, खुर्ची पुढं केली. "भावजी, आदी बसा. च्या टाकते."

चहा आला. जोतीरामला वाटत होतं, लय झकास चालली म्हणावं आणि परतीची गाडी धरावी. खोटं बोलण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"मला सगळं सांग," यासीन म्हणाला. "कुठं कशी चालली ते."

"रातभर बर्फ पडून मांडीइतका साचला, त्या सकाळी पयल्यांदा न्हेली. यासीनभाई, काय सांगू! दुसऱ्या बोर्डावर नाक बुडू नये म्हणून मागच्या पायावर रेलावं लागतं. दुपारपातूर मांडी भरून येती. हिच्यावर नुसता उभा ऱ्हायलो. झाडीत शिरलो तर मनात आलं का वळली."

यासीनचा चेहरा उजळला. जोतीरामला पुढचं सांगणं आणखी अवघड झालं.

"मशीन फिरवून दाबलेल्या उतारावर बरी चालायची. पर वेग घेतला की नाक थडथडायचं. लोकांनी तुडवून ढेकळं केलेल्या बर्फात लय उसळायची. दुपारी ऊन लागून बर्फ वला झाला की तळ चिकटायचा."

"आन् कडक बर्फात?"

जोतीराम कपाकडे बघत राहिला. "तितं पडलो. काचंगत झाला हुता. पत्ती धरंना. चाळीस फूट खाली गेलो."

यासीन उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीला नव्या बोर्डासाठी कापलेल्या पट्ट्या टेकवल्या होत्या. त्यानं त्या उचलल्या आणि भुशाच्या पोत्याशेजारी जळणात टाकल्या.

"तुजा पाय मी घालवला," तो म्हणाला. "सुतारानं सुतारकीच करावी."

"आवं, ऐका की—"

"न्हाई. नगं."

जोतीरामनं डोळे मिटले. एवढ्या लांब तो हे ऐकायला आला नव्हता. पण जे घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते आता सांगावंच लागणार होतं.

"फळीचा दोष न्हवता, यासीनभाई. पर्यटकांची शिकवणी उरकून खाली येत हुतो. सरळ वाटंनं आलो असतो तर पंधरा मिनटं जास्त लागली असती. मी दमलो हुतो. पार दमलो हुतो. सावलीतला उतार कडक झालाय हे दिसत हुतं. ताज्या बर्फाची फळी तितं टिकायची न्हाई, हे मीच पोरांना शिकवतो. तरी घातली."

यासीन वळला. "मग आदी का न्हाई बोललास?"

"लाज वाटली."

सुरय्याभाभी दारातून म्हणाल्या, "वय झालं, दमला माणूस. त्यात लाज कसली?"

जोतीरामनं उरलेला चहा एका घोटात संपवला. डॉक्टरनं आता बर्फ बंद म्हणून सांगितलं होतं, तेही त्यानं सांगून टाकलं. बोर्ड गुलमर्गलाच क्रांतीजवळ ठेवला होता. ही सांगलीची पोरगी त्याच्या हाताखाली शिकून आता स्वतः शिकवत होती.

"ती वजनानं हलकी. ताज्या बर्फात माज्यापेक्षा झ्याक चालवती. कडक दिसला की काढून खांद्यावर घेती आन् गप चालत येती. तिला आनखी एक पायजे, जरा आखूड."

यासीन खाली वाकून जळणातल्या पट्ट्या एकेक करून वेचू लागला. एक चिरली होती, ती बाजूला ठेवली.

"किती आखूड?"

जोतीरामनं हातानं माप दाखवलं. यासीननं कानावरची पेन्सिल काढून पट्टीवर खूण केली. नाक थडथडतं तर तिथं एक पट्टी सागाची घालू का, असं त्यानं विचारलं. जोतीराम म्हणाला, घाला, पण एकच. जड झाली तर तरंगायची नाही.

दुपारच्या सातारा गाडीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. पाय पसरता येत नव्हता, तरी पाचवड यायच्या आत त्याला झोप लागली. साताऱ्याला कंडक्टरनं खांदा हलवला, तेव्हा सगळी गाडी रिकामी झाली होती.