पवळ्याची धाव

“हा बैल धावते कुठं भाऊ? टांगून ठेवल्यावानी दिसते,” चतुराबाई म्हणाली आणि इस्माईलचा कुंचला हातातच राहिला.

मालेगावात भिंतींवर चित्रं काढण्यात त्याची हयात गेली होती. महायुद्धामुळं विलायती रंगाच्या पुड्या मिळेनात, तरी गेरू, काजळी आणि चुन्यावर त्यानं चतुराबाईच्या ओसरीच्या भिंतीवर बैल असा उठवला होता, की येणारा-जाणारा मान डोलवी. पण तिला नुसता बैल नको होता. तिचा नवरा पुंजाजी त्यांच्या पवळ्या बैलाला शंकरपटाच्या शर्यतीत पळवायचा. आधी पुंजाजी गेला, मागोमाग पवळ्या. पवळ्याला पळताना पुन्हा बघायचं, एवढंच बिचारीचं मागणं.

इस्माईल इरेला पेटला. मानोऱ्याच्या रस्त्याला जाऊन बसला. एक बैलगाडी लांब जाताना त्याला उमगलं, की पाय डोळ्यांत भरतच नाहीत. भरते ती पुढं झेपावलेली मान आणि मागं उरलेली धूळ. लेक जुबेदा सासरी गेली ती अशाच गाडीतून, आणि बायकोचा, मेहरबीचा जनाजाही याच रस्त्यानं गेला होता.

परत येऊन त्यानं बैलाची मान लांबवली, पाय ओल्या फडक्यानं पुसट केले, पुढची भिंत मोकळी सोडली. पवळ्या सुटला! चतुराबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग हळूच म्हणाली, “पण भाऊ, तोंड दाराकडं काहून? बाहीर चालला न हा.”

इस्माईल वरमला. ओसरीवरच्या बैलाचं तोंड घराकडं असावं, हे शेंबडं पोरही सांगेल. जन्मभर हेच काम केलेला माणूस नेमका तिथं चुकला. त्यानं भिंतीला चुना फासला आणि दुसऱ्या दिवशी पवळ्या पुन्हा काढला, घरात येणारा. तीच मान, तसेच पुसट पाय, पुढं तेवढीच मोकळी भिंत. बैल काही हलेना. दिवसभर इस्माईल डोकेफोड करत बसला. जाणारं कसं दिसतं ते त्याला पाठ होतं. घरी येणारं माणूस पाहून मात्र वर्षं लोटली होती.

“उभाच राह्यला बाई,” तो खाली मान घालून म्हणाला. “माह्या हातून नाई होत.”

चतुराबाई भिंतीपाशी आली. “असू द्या भाऊ. घरी पोचलेला बैल उभाच राह्यते.” आणि आतून पाण्याचं घमेलं आणून तिनं भिंतीशी ठेवलं.

इस्माईलनं कुंचले धुतले आणि तो घराकडं निघाला. एरवी दाराशी पोचल्यावर चाचपायचा ती कुलपाची किल्ली त्यानं आज वाटेतच खिशातून काढून हातात धरली.